अल्सरवर मध आणि प्रोपोलिस: उंदराचं पोट आणि बाबांचं पोट

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका ताईंचे वडील ६८ वर्षांचे. गुडघेदुखीसाठी वर्षभर जवळजवळ रोज डायक्लोफिनॅक घेत होते. पोटात जळजळ, भूक मंदावलेली. दुर्बिणीने तपासलं तर जठरात अल्सर निघाला. डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी लिहून दिली. ताईंनी वाचलं की मध, प्रोपोलिस (मधमाश्या गोळा करतात ती राळ) आणि रॉयल जेली (राणीमाशीला भरवतात तो स्राव) यांच्यामुळे जठराचं अल्सरपासून रक्षण होतं आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दिसलंही आहे. त्या विचारतात: बाबांना अनशापोटी मध सुरू करू का? केला तर पॅन्टोप्राझोलची गोळी बंद करता येईल का? आणि गुडघ्याची गोळी घेण्याआधी चमचाभर मध चाटवला, तर ती गोळी चालू ठेवता येईल का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण धोका त्यात आहे. मधाचा आधार घेऊन डायक्लोफिनॅक चालू ठेवू नका. पॅन्टोप्राझोल बंद करू नका. मध खायचा की नाही हा मुद्दा या दोन्हींपुढे अगदी किरकोळ आहे. बाबांना मधुमेह नसेल तर खाऊ देत.

आता कारणं. ती जरा सविस्तर सांगतो, कारण ताईंनी जे वाचलंय ते खोटं नाही. फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

ते उंदरांचे प्रयोग कसे होतात, बघा. उंदराला दिवसभर उपाशी ठेवतात. मग नळीने पोटात मधाचं पाणी सोडतात. अर्ध्या तासाने त्याच नळीने जवळपास शुद्ध अल्कोहोल सोडतात. तासाभराने उंदीर मारून जठर कापतात, उलगडून टाचण्यांनी सपाट लावतात आणि आतल्या लाल-काळ्या चट्ट्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. नुसतं अल्कोहोल दिलेल्या उंदराचं जठर कुणीतरी ओरबाडल्यासारखं दिसतं. आधी मध दिलेल्याचं पुष्कळदा जवळजवळ स्वच्छ असतं. फोटो शेजारी शेजारी ठेवले की माणूस चाट पडतो, आणि तो परिणाम खराच आहे. अनेक प्रयोगशाळांनी तो पुन्हा पुन्हा पाहिलाय, अल्कोहोलऐवजी इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक वापरूनही.

पण हाच परिणाम आणखी कशाकशाने मिळतो? काही प्रयोगांत मधासोबत साध्या साखरांचं मिश्रणही तपासलं गेलं. ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर, माल्टोज, सगळं मधातल्या प्रमाणात. त्यानेही जठर वाचलं. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात आंद्रे रॉबर्ट या संशोधकाने एक मजेशीर गोष्ट दाखवली होती. उंदराला आधी पातळ अल्कोहोल, सौम्य आम्ल किंवा मीठपाणी दिलं, तरी नंतरच्या तीव्र माऱ्यापासून जठर वाचतं. जठराच्या आवरणाला हलकासा चिमटा बसला की ते सावध होतं, प्रोस्टाग्लँडिन हे जठराचं रक्षण करणारं द्रव्य तयार करतं, चिकट स्रावाचा थर वाढवतं, रक्तपुरवठा वाढवतं. मग मोठा फटका आला तरी पचतो. घट्ट साखरेचं पाणी हाही असाच एक चिमटा. त्या चिमट्याच्या पलीकडे मधातल्या फ्लेव्होनॉइडसारख्या घटकांचं थोडं वेगळं काम असेलही, ते मी नाकारत नाही. पण ‘मधाने उंदराचं जठर वाचलं’ या वाक्यातून मधाचं जे वेगळेपण ऐकू येतं, तेवढं त्या प्रयोगात नसतं. मीठपाण्यानेही वाचलं होतं, आणि अल्सरवर मीठपाणी प्या असं कुणी सांगत नाही.

मात्रेबद्दल एक गोष्ट मात्र मधाच्या बाजूने सांगायला हवी. या प्रयोगांत उंदराच्या वजनाच्या किलोमागे दोन-अडीच ग्रॅम मध दिलेला दिसतो. ६० किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर दीडशे ग्रॅम होतात, आणि टीका करणारे हाच आकडा पुढे करतात. ते बरोबर नाही. लहान प्राण्याची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरतात. तो धरला की अडीच ग्रॅमचे माणसाला साधारण पंचवीस ग्रॅम होतात, म्हणजे एक मोठा चमचा आणि थोडा वर. मात्रा अशक्य नाही. अडचण दुसरीकडे आहे.

उंदराला एकदाच फटका बसतो आणि तो कधी बसणार हे प्रयोग करणाऱ्याला घड्याळ लावून ठाऊक असतं. माणसाचा अल्सर असा होत नाही. माणसात दोन मोठी कारणं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांच्या जातीची वेदनाशामकं. ही दोन वगळली तर उरणारे अल्सर थोडे. दोन्ही कारणं चोवीस तास, महिनोन्‌महिने काम करतात. अर्ध्या तासाची ढाल तिथे किती पुरणार?

बाबांच्या बाबतीत गोळी हे कारण समोर दिसतंय, म्हणून तेच आधी घेतो. बहुतेकांना वाटतं की ही गोळी पोटात पडून तिथे चरचरते आणि जखम करते. थोडंफार तसं होतंही. पण खरं नुकसान रक्तातून होतं. गोळी शोषली जाते, रक्तातून पुन्हा जठराच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथलं कॉक्स-१ नावाचं एन्झाइम बंद पाडते. त्या एन्झाइमशिवाय प्रोस्टाग्लँडिन तयार होत नाही, प्रोस्टाग्लँडिनशिवाय चिकट थर पातळ होतो आणि आम्लाला निष्प्रभ करणारं बायकार्बोनेट कमी पडतं. म्हणून हेच औषध इंजेक्शनने दिलं किंवा गुदद्वारातून दिलं, तरी अल्सर होऊ शकतो. आता सांगा, वरून चाटवलेला मध आतून येणाऱ्या औषधाला कसा अडवेल? छप्पर शाकारून जमिनीतून येणारं पाणी थांबत नाही.

या गोळ्यांच्या अल्सरचं आणखी एक वाईट लक्षण आहे, ते म्हणजे लक्षणच नसणं. वेदनाशामक असल्यामुळे दुखणं झाकलं जातं, आणि वयस्कर माणसांत तर अनेकदा पहिली खूण रक्तस्राव हीच असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. दम लागतो म्हणून आधी हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्या सगळ्या ठीक. हिमोग्लोबिन ७. बाई रोज सकाळी कोमट पाण्यातून मध घेत होत्या आणि दुपारी कंबरेसाठी गोळी. पोटात एक दिवस दुखलं नव्हतं. “शौचाला काळं होतं, पण मला वाटलं काहीतरी खाण्यातलं असेल,” असं त्या म्हणाल्या. दुर्बीण घातली तर जठराच्या खालच्या भागात रुपयाएवढा अल्सर, तळाशी पांढुरका, मध्ये रक्ताचा काळा ठिपका. मधाने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. पोटाची काळजी आपण घेतोच आहोत, ही समजूत मात्र महागात पडली. गोळी बंद केली, आम्ल कमी करणारं औषध दिलं, लोह दिलं. त्या बऱ्या झाल्या.

(लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथ या पोटाच्या औषधानेही शौचाचा रंग काळा होतो. फरक असा की रक्तामुळे काळी झालेली शौच डांबरासारखी चिकट असते आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.)

आता जंतू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अल्सर म्हणजे ताण, तिखट आणि आम्ल असं समीकरण होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठराच्या तुकड्यांत हा वळणदार जंतू दाखवला, तेव्हा बहुतेकांनी कानाडोळा केला. आम्लात जंतू जगतोच कसा? शेवटी १९८४ मध्ये मार्शलने त्या जंतूंचं मिश्रण स्वतः प्यायलं, थोड्याच दिवसांत त्याला मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून त्याच्या जठराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जगतो कसा, याचं उत्तर असं: हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम सोडतो, युरियाचं अमोनिया करतो आणि स्वतःभोवती आम्ल मारून टाकणारा एक ढग तयार करतो. मग चिकट थरात बुडी मारून तळाशी, पेशींना लगटून बसतो.

हे एन्झाइम आम्ही रोज डोळ्यांनी बघतो. दुर्बिणीतून जठराचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढून पिवळ्या जेलच्या खाचेत ठेवतात. त्या जेलमध्ये युरिया आणि रंग बदलणारा पदार्थ असतो. जंतू असेल तर तुकड्याभोवती आधी गुलाबी कड उमटते आणि बघता बघता सगळी खाच गडद गुलाबी होते. कधी पंधरा मिनिटांत, कधी काही तासांनी. रुग्ण शुद्धीवर येऊन चहा मागेपर्यंत अनेकदा निकाल हातात असतो.

मधाचं काय? प्रयोगशाळेतल्या बशीत मध या जंतूला आवरतो, हे पक्कं. १९९४ साली मानुका मधावर (न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या फुलांपासूनचा मध) झालेल्या एका कामात ५ टक्के मधाच्या द्रावणात ७२ तासांत जंतूची वाढ पूर्ण थांबलेली दिसली. मध जंतूंना का आवडत नाही, हेही आपल्याला बऱ्यापैकी कळलंय. त्यात पाणी जेमतेम १७-२० टक्के, बाकी बहुतेक साखर. सामू चारच्या आसपास. त्यात मधमाशीने मिसळलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज असतं, मध पातळ केला की ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. मानुका मधात याखेरीज मिथिलग्लायॉक्सल हा जंतू मारणारा घटक भरपूर असतो.

पण ‘७२ तास’ हा शब्द पुन्हा वाचा. बशीतला जंतू तीन दिवस मधात बसलेला असतो. चमचाभर मध पेलाभर पाण्यातून घेतला तर पोटात सुरुवातीला साधारण १० टक्क्यांचं द्रावण होतं, म्हणजे बशीतल्यापेक्षाही घट्ट. मग जठराचा रस त्यात मिसळतो, आणि तासाभरात बरंचसं द्रावण पुढे आतड्यात सरकलेलं असतं. जंतू मात्र चिकट थराखाली बसलेला, जिथे मध नीट पोचतही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं म्हणाल, तर ते फोडणारं कॅटालेज एन्झाइम आपल्या पेशींतही असतं आणि या जंतूकडे स्वतःचंही असतं. म्हणूनच १९९९ साली मोजक्या रुग्णांना दोन आठवडे दिवसातून चार वेळा मोठा चमचा मानुका मध देऊन पाहिला, तेव्हा एकाचाही जंतू गेला नाही. ते रुग्ण थोडे होते, मान्य. पण एकाचाही गेला नाही, हेही मान्य करायला हवं.

प्रोपोलिसची गोष्ट थोडी वेगळी. प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरून आणि सालीवरून गोळा करतात ती राळ. मेणात मिसळून पोळ्यातल्या फटी बुजवायला त्या ती वापरतात. त्यात पिनोसेम्ब्रिन, क्रायसिन, गॅलॅन्जिन, कॅफिक आम्लाचे एस्टर असे पुष्कळ घटक असतात, आणि बशीतल्या जंतूवर त्याची ताकद मधापेक्षा जास्त. पण झाड बदललं की प्रोपोलिस बदलतो. पॉप्लरच्या झाडांवरून आलेला आणि ब्राझीलमधला बॅकॅरिस झुडपावरचा हिरवा प्रोपोलिस, दोन्हींना नाव एक, आतला माल वेगळा. ब्राझीलमध्ये २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात हिरव्या प्रोपोलिसचे थेंब आठवडाभर दिले. एक-दोघांत जंतू तात्पुरता दबला, महिन्याभराने पाहिलं तर सगळ्यांत पुन्हा हजर.

हे दबणं मला जास्त सतावतं. समजा कुणी प्रोपोलिस घेत असताना या जंतूसाठीची श्वासाची तपासणी केली आणि जंतू दबलेला असल्यामुळे निकाल ‘नाही’ आला, तर माणूस निर्धास्त होतो आणि जंतू आतच राहतो. म्हणून माझ्याकडे तपासणीला येणाऱ्यांना मी दोन आठवडे आधी पॅन्टोप्राझोलसारखं औषध, चार आठवडे आधी अँटिबायोटिक आणि बिस्मथ थांबवायला सांगतो, तेव्हा सोबत प्रोपोलिसचं नावही घेतो. बाबांनी मात्र पॅन्टोप्राझोल स्वतःहून थांबवायचं नाही. अल्सर ताजा असताना कधी थांबवायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

प्रोपोलिसबद्दल दोन सूचना. एक, बाटलीतला अर्क बहुधा अल्कोहोलमधला असतो. अल्सर झालेल्या पोटात अनशापोटी तो टाकायचा म्हणजे उंदराचं जठर जखमी करायला जे दिलं तेच आपण औषध म्हणून देतोय, भले थेंब थोडे असोत. दोन, प्रोपोलिसची अ‍ॅलर्जी दुर्मिळ नाही. ओठाभोवती पुरळ, तोंडात फोड आले की बंद.

रॉयल जेली आणि पराग यांच्यावर अल्सरच्या दृष्टीने फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. उंदरांवर थोडं काम झालंय, माणसांवर भरवशाचं फारसं नाही. दम्याच्या रुग्णांत रॉयल जेलीने जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने तर तिच्यापासून लांबच राहावं. मधमाशीच्या मेणातून काढलेल्या काही अल्कोहोलांचं (दारूतलं अल्कोहोल नव्हे) डी-००२ नावाचं मिश्रण क्युबामध्ये तयार झालं आणि त्यावर माणसांतही अभ्यास झाले. सगळ्या पोळ्यात माणसांवर सर्वांत पद्धतशीर काम त्याच्यावरच झालेलं दिसतं. पण अभ्यास मुख्यतः ते बनवणाऱ्या संस्थेतूनच आलेले, त्यामुळे मी हात राखून बोलतो. आणि ते मिश्रण म्हणजे मेण चघळणं नव्हे.

“पण माझ्या काकांना मधानेच बरं वाटलं” असं मला महिन्यातून एकदा तरी कुणी सांगतं. मी वाद घालत नाही, कारण काकांना खरंच बरं वाटलेलं असतं. जुन्या औषध-चाचण्यांत नुसती पिठाची गोळी मिळालेल्या रुग्णांतही साधारण तिघांतल्या एकाचा ड्युओडेनममधला (जठराला लागून असलेल्या आतड्याच्या सुरुवातीचा) अल्सर चार-सहा आठवड्यांत भरून आलेला दिसायचा. अल्सर भरतो, पुन्हा होतो, पुन्हा भरतो, हा त्याचा स्वभाव. जंतूवर उपचार होण्याआधीच्या काळात आम्ल कमी करणारी गोळी थांबवली की वर्षभरात बहुतेकांचा अल्सर परत यायचा. गोळीने भरला होता हे खरं, पण कारण जागच्या जागी होतं. मध तर त्या गोळीच्या जवळपासही जात नाही. पॅन्टोप्राझोल जठरातलं आम्ल तयार करणारे पंप बंद करतं. मध स्वतःच आंबट असतो. तो पोटात गेल्यावर क्षणभर गार वाटतं, तसं दूध पिऊनही वाटतं. एके काळी अल्सरवर तासातासाला दूध पाजायचे आणि नंतर कळलं की दुधाने आम्ल उलट वाढतं.

अल्सरवरचं एक औषध मात्र खरोखर साखरेपासूनच बनतं, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुक्राल्फेट. साध्या साखरेच्या रेणूला सल्फेट आणि अ‍ॅल्युमिनियम जोडलं की आम्लात त्याचा चिकट लगदा होतो आणि तो उघड्या जखमेच्या प्रथिनांना धरून तासन्‌तास बसतो. ‘मधाचा लेप बसतो’ असं लोक जे म्हणतात, ते काम प्रत्यक्षात हे औषध करतं. मध पाण्यात विरघळतो. लेप होऊन बसायला त्याच्याकडे धरून ठेवणारं काही नाही.

बाबांसाठी नेमकं काय, ते सांगतो. डायक्लोफिनॅक बंदच, आणि दुकानातून परस्पर आणलेली दुसरी तशीच गोळीही नको. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांबद्दल डॉक्टरांशी बोला. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मनाने थांबवू नका, पण सांगा जरूर. पॅन्टोप्राझोल सकाळच्या खाण्याच्या अर्धा तास आधी, पूर्ण आठ आठवडे. जळजळ चौथ्या दिवशी थांबली तरी. अल्सर जठरातला आहे, म्हणून काठाचे तुकडे तपासले का ते रिपोर्टमध्ये बघा, आणि भरला की नाही हे पाहायला पुन्हा दुर्बीण कधी, ते विचारा. जठरातला कॅन्सर कधीकधी अल्सरचं सोंग घेऊन येतो, आणि या वयात हे तपासल्याशिवाय सोडत नाहीत. गोळी हे कारण समोर दिसत असलं तरी जंतूची तपासणीही हवीच. दोन्ही एकत्र असले की धोका वाढतो. जंतू सापडला तर सहसा चौदा दिवसांचा चार औषधांचा कोर्स असतो. त्यातला एकही दिवस चुकवू नका, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तो गेल्याची खात्री करून घ्या.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर, किंवा अचानक पोट लाकडासारखं कडक होऊन असह्य दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आणि मध? मधुमेह नसेल तर दिवसाला एखादा चमचा, जेवणासोबत, आवडतो म्हणून. मोठ्या चमच्यात साधारण १७ ग्रॅम साखर असते, ती हिशेबात धरा. खाल्ल्यावर पोट फुगत असेल तर फ्रुक्टोज पचत नसावं, बंद करा. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मात्र त्याच चमच्यातून बोटभरही चाटवू नका. मधात बॉट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही.

तुकड्यांचा रिपोर्ट आला की त्यात जंतू आहे की नाही, आणि बाबांच्या इतर सगळ्या चालू गोळ्यांची नावं, एवढं लिहून कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.